१५ दिवसांची परतीची हमी: कोकणातल्या एका मशिनरी दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी आणि रायगड या दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळ, एका तालुक्याच्या गावी हे दुकान आहे. पाण्याचे पंप, पाइप, फवारणीची मशिनं, चेन सॉ, छोटे जनरेटर आणि सगळ्यात जास्त खपणारा ग्रास कटर, असा माल. मालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे. दुकानाचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं माझ्याकडे असतात. प्रकरण माझ्यासमोर आलं ते त्या कागदांतून.

ग्रास कटरची इथली गरज खरी आहे. पावसाळ्यात हापूसच्या आणि काजूच्या बागांत गवत कमरेइतकं वाढतं. पाऊस ओसरला की बेणणी, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं कापणं, करावी लागते. ती राहिली तर तेच गवत वाळून उभं राहतं, आणि उन्हाळ्यात वणवा आला की वर्षानुवर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी जातात. कोयत्याने बेणणी करणारे गडी आता मिळत नाहीत. मिळाले तरी सगळ्यांना एकाच पंधरवड्यात हवे असतात. म्हणून मशीन. साधं टू-स्ट्रोक मशीन दहा हजारांच्या आसपास येतं, नावाजलेल्या कंपनीचं फोर-स्ट्रोक त्याच्या दुप्पट-तिप्पट.

विक्रीला वर्षात दोन भरत्या येतात. पहिली गणपतीच्या तोंडावर: मुंबईहून चाकरमानी येतात, बंद घर उघडतात, अंगणात आणि परड्यात माजलेलं रान काढायला मशीन घेतात. दुसरी नवरात्र ते दिवाळी, बागांसाठी.

परतीच्या हमीचा उगम मात्र चक्रीवादळात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला लागलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा भागात घरांवर झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. चेन सॉ आणि जनरेटरला तोबा गर्दी. त्या दिवसांत अण्णांनी भाव वाढवला नाही. वर लोकांना सांगितलं, ‘आज माल घेऊन जावा, काम होऊ द्या. नाही जमलं तर परत आणा.’ लोकांनी ते लक्षात ठेवलं. पुढे अण्णांनी त्याचीच पाटी केली: ‘१५ दिवसांत पसंत न पडल्यास पूर्ण पैसे परत.’ ऑनलाइन मागवणारी किंवा मुंबईहून मशीन आणणारी माणसं या पाटीमुळे दुकानात येऊ लागली. धंद्याच्या दृष्टीने पाटी चुकीची नव्हती, हे आधीच सांगतो.

अडचण कशी दिसली

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं, तेव्हा पुन्हा जनरेटर खपले आणि गावागावांत वीज आली त्या आठवड्यात त्यांतले बरेच परत आले. त्याच वर्षी गणपतीत ग्रास कटरचं तेच झालं. चतुर्थीच्या आधी चार-सहा दिवस विकलेलं मशीन गौरी-विसर्जनानंतर काउंटरवर हजर. कारणं ठरलेली: स्टार्टच होत नाही, खांद्याला जड पडतं, घरच्यांना आवाज सोसत नाही. एका वाडीत तर एकाने परत केलं की दुसऱ्या आठवड्यात शेजारचा चुलत भाऊ घेऊन जायचा आणि तोही पंधराव्या दिवसाच्या आत आणून द्यायचा. तिथलं गवत सगळं कापून झालेलं असायचं.

अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांना वादळानंतर जनरेटर परत येण्याचा अनुभव जुना आहे. तिथल्या एल. एल. बीन या कंपनीने तर आपली प्रसिद्ध आजन्म परतीची हमी २०१८ मध्ये गुंडाळली, कारण लोक वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तू परत आणू लागले होते. पण मोठ्या कंपनीला असा तोटा हजारो वस्तूंवर पसरवता येतो. अण्णांच्या हंगामाचा नफा परत आलेल्या थोड्याच मशिनांत संपत होता. वितरकाची भूमिका स्वच्छ होती: खोक्यातून काढताच बंद निघालेलं मशीन बदलून देऊ, पेट्रोल घातलेलं आणि गवत कापलेलं घेणार नाही. कंपनीची वॉरंटी दुरुस्तीची असते, नापसंतीची नसते.

हिशेबात मला आधी दिसली ती वेगळी गोष्ट. परतीच्या वेळी अण्णा रोख पैसे देत आणि बिल फाडून टाकत. क्रेडिट नोट, म्हणजे विक्री मागे घेतल्याचा आणि तिचा कर वजा करणारा कागद, नाही. म्हणजे न झालेल्या विक्रीवरचा कर भरला जात होता. आणि साठ्याच्या वहीत ती मशिनं ‘नवीन’ म्हणून पुन्हा जमा होत होती.

हे ‘नवीन’ कसं, असं विचारल्यावर दुकानातल्या मुलाने सरळ सांगितलं. मशीन धुवायचं, पातं नवं लावायचं, खोक्याला टेप मारायची, फळीवर ठेवायचं. पुढचा गिऱ्हाईक पूर्ण किंमत देऊन तेच घेऊन जायचा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं गंभीर पाप हे. परत करणाऱ्याने दुकानाला फसवलं असेल, पण त्याची भरपाई तिसऱ्याच, काहीही न केलेल्या माणसाकडून होत होती. त्याच्या मशीनमधे कोणीतरी तेल न घालता तासभर चालवलेलं इंजिन असू शकत होतं.

मशीन उघडल्यावर

‘वापरलंच नाही’ हे तोंडी वाद घालण्याचं कारण नाही. इंजिन ते दाखवतं. दुकानाशी बांधलेला मेकॅनिक हुशार होता. त्याच्याबरोबर बसून आम्ही परत आलेली मशिनं उघडली.

प्लग काढला की पहिली खूण. न चाललेल्या मशीनच्या प्लगचं टोक पांढरं-चकचकीत, चाललेल्याचं तपकिरी किंवा काजळलेलं. सायलेन्सर सोडला की धुराच्या तोंडाशी कार्बन दिसतो, आणि तिथूनच पिस्टनची एक बाजू पाहता येते. पात्याच्या बैठकीवर नटाचे ओरखडे. गार्डच्या आतल्या कोपऱ्यात गवताचा हिरवा रस, जो धुतला तरी पूर्ण जात नाही. फोर-स्ट्रोक मशीन आणि जनरेटरच्या बाबतीत तेल बघायचं: नवं तेल मधासारखं दिसतं, चाललेल्या इंजिनातलं काळपट होतं. छोट्या जनरेटरला बहुधा तास मोजणारा मीटर नसतो, म्हणून तेलाचा रंग महत्त्वाचा.

टू-स्ट्रोकमधे सगळा जीव पेट्रोलमधल्या तेलात असतो. लिटरला किती टू-टी ऑइल हे कंपनीगणिक बदलतं. २५ला १ (२५ भाग पेट्रोलला १ भाग तेल) असेल तर ४० मिलि, ५०ला १ असेल तर २० मिलि. ते घातलंच नाही तर पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना खरवडतात आणि इंजिन जाम होतं. परत आलेल्यांत असं एक होतं. बाकीच्यांत बिघाड असा नव्हताच. काहींच्या कार्बोरेटरमधे शिल्लक राहिलेलं पेट्रोल आटून चिकटा धरला होता. आताच्या पेट्रोलमधे इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं; कोकणच्या पावसाळी हवेत टाकीत पेट्रोल ठेवून मशीन कोपऱ्यात उभं केलं की पुढच्या वेळी ते सुरू होत नाही. गिऱ्हाइकाला हा बिघाड वाटतो, आणि तो खोटं बोलत असतोच असं नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणजे ‘परत’ या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी येत होत्या: खरोखर सदोष माल, न कळल्यामुळे बंद पडलेला माल, आणि काम उरकून परत केलेला माल. पाटी तिघांना एकच उत्तर देत होती.

समोरचे पर्याय

अण्णांचा पहिला विचार टोकाचा होता: पाटी काढायची आणि बिलावर छापायचं, ‘विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.’ बाजारात निम्म्या दुकानांच्या बिलांवर हे वाक्य असतं. पण सदोष मालाच्या बाबतीत ते टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. माल निर्दोष असेल आणि गिऱ्हाइकाचं फक्त मन बदललं असेल, तर दुकानात पाहून-घेऊन केलेल्या खरेदीत पैसे परत करण्याची सक्ती कायदा करत नाही. तिथे बांधतो तो दुकानदाराने स्वतः दिलेला शब्द. म्हणजे अण्णांना आपला शब्द पुढच्या विक्रीसाठी बदलता येत होता. सदोष मालाची जबाबदारी मात्र बदलता येत नव्हती.

दुसरा पर्याय ‘खोकं न उघडलेलं असेल तरच परत’ असा. मशीनच्या बाबतीत याला अर्थ नाही, खोकं उघडल्याशिवाय काही कळत नाही. तिसरा, परतीला ठरावीक टक्के कापून घेणं. हिशेबाला सोपा, पण सदोष मशीनवरही कापलं जाण्याचा धोका, आणि काम उरकणाऱ्याला ते स्वस्त भाडंच. चौथा, परत करणाऱ्यांची यादी ठेवून त्यांना माल न देणं. तालुक्याच्या गावात हे बोलायला सोपं आहे. यादीतला प्रत्येक जण कोणाचा तरी व्याही, कोणाचा तरी भावकीतला असतो.

पाचवा पर्याय दुकानातल्या मुलाने सुचवला: ‘अण्णा, त्यांना मशीन वर्षातून पाच दिवसच लागतं. आपण भाड्यानेच का देत नाही?’ त्या वेळी ते कोणी मनावर घेतलं नाही. अण्णांना भाड्याचा धंदा म्हणजे कटकट वाटत होती.

पाटी काढली, आणि गुरुजींचं मशीन

शेवटी अण्णांनी पाटी उतरवली आणि मेकॅनिकला अधिकार दिला: तो ‘वापरातली चूक’ म्हणेल तर पैसे नाहीत, बदलीही नाही. आधीच्या बिलांवर १५ दिवसांचा शब्द पाळावा, असं मी सुचवलं आणि ते त्यांनी ऐकलं. दिलेला शब्द बिलाच्या तारखेला लागू असतो.

पुढच्या हंगामात एक निवृत्त शिक्षक मशीन घेऊन आले. खरेदीच्या दुसऱ्याच दिवशी, पहिल्याच टाकीत, इंजिन जाम झालं होतं. मेकॅनिकने सायलेन्सर सोडला, पिस्टनवरचे उभे ओरखडे पाहिले आणि निकाल दिला: तेल घातलं नाही. गुरुजी म्हणाले, ‘अण्णा, मी मोजून घातलंय. तुम्हीच दिलेल्या मापाने.’ अण्णा म्हणाले, ‘गुरुजी, सगळे तसंच म्हणतात.’ मशीन तसंच गुरुजींबरोबर परत पाठवलं.

गुरुजी घरी गेले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. शिवाय दुकानाला रजिस्टर पत्र पाठवलं, शांत भाषेत, बिलाची प्रत जोडून. ते पत्र घेऊन अण्णा माझ्याकडे आले तेव्हा चिडलेले होते. माझं म्हणणं एवढंच होतं की प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे गेलं तर ‘माझा मेकॅनिक म्हणतो’ हे पुरणार नाही. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग माल प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला गुरुजींना शुल्कही पडत नाही. त्याआधी आपणच नीट तपासावं.

तपासणी दोन टप्प्यांत झाली. गुरुजींच्या कॅनमधे मिश्रण शिल्लक होतं. त्याचे थेंब पांढऱ्या कागदावर टाकले आणि शेजारी साध्या पेट्रोलचे. साधं पेट्रोल उडून गेलं, कागद जवळपास कोरा राहिला. गुरुजींच्या पेट्रोलचा तेलकट डाग तसाच होता. तेल घातलेलं होतं. मग मशीन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथे क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या बंद कप्प्याची) दाबचाचणी केली तेव्हा एका सीलमधून हवा आत येत असल्याचं निघालं. हवा जास्त आली की मिश्रण पातळ होतं, इंजिन बेसुमार तापतं आणि पिस्टन तसाच खरवडतो. वरून दोन्ही ओरखडे सारखेच दिसू शकतात. कंपनीने मशीन बदलून दिलं. अण्णा स्वतः ते घेऊन गुरुजींच्या घरी गेले. गुरुजींनी तक्रार मागे घेतली.

मेकॅनिक अप्रामाणिक नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. त्याने आधीच्या हंगामात तेल न घातलेलं मशीन पाहिलं होतं आणि तीच खूण इथे वाचली. पण प्रत्येक गिऱ्हाईक लबाड आहे असं गृहीत धरलं की खूण एकाच दिशेने वाचली जाते.

नंतर काय बदललं

विक्रीच्या वेळी आता मशीन काउंटरवरच जोडतात. गिऱ्हाइकासमोर मिश्रण करतात, चोक कसा, दोरी कशी ओढायची, काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत का चालवायचं, हे दाखवतात. इंजिनचा नंबर बिलावर लिहितात आणि एका मराठी कार्डावर सही घेतात. त्याच्यावर तीन ओळी: मशीन सदोष निघालं तर तपासणीनंतर बदली किंवा पैसे; वापरातल्या चुकीने बंद पडलं तर दुरुस्ती, मजुरी पहिल्या वेळी माफ; नापसंतीसाठी परत नाही, पण आधी चालवून पाहायचं असेल तर डेमो मशीन उपलब्ध. ‘तपासणी’ म्हणजे काय तेही लिहिलं आहे: प्लग, कागदावरचा थेंब, आणि शंका राहिली तर सर्व्हिस सेंटर. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायचं. परत घेतलेल्या प्रत्येक मशीनची क्रेडिट नोट निघते.

आणि भाडं सुरू झालं. फळीवरची परत आलेली मशिनं दुरुस्त करून त्यांचीच भाड्याची मशिनं केली. अनामत, दिवसाचं भाडं, पेट्रोल-तेलाचं मिश्रण दुकानातूनच. प्लगच्या वायरला गुंडाळून बसवता येणारा छोटा तास-मीटर प्रत्येकाला लावला. पहिल्याच गणपतीत चाकरमान्यांनी ती उचलली. ज्यांनी आधी ‘जड पडतं’ म्हणून मशीन परत केलं होतं त्यांतले काही रांगेत होते आणि भाडं बिनतक्रार देत होते. मला यातून दिसलं ते असं की त्यांना मशीन विकत घ्यायचंच नव्हतं. पाच दिवसांच्या कामासाठी दहा हजारांशिवाय दुसरी सोय गावात नव्हती, आणि १५ दिवसांच्या पाटीने ती फुकटात करून दिली होती. त्यामुळे खोटं कारण सांगणं योग्य ठरत नाही. पण नुसत्या पाटीबदलाने ते थांबलं नसतं.

नापसंतीची परती जवळजवळ थांबली. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. भाड्याच्या मशिनांची पाती गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांवर आपटून वाकतात आणि ते कोणी केलं यावर वाद होतात. आता मशीन देताना आणि घेताना पात्याचा फोटो काढतात. स्वस्त मशिनांची विक्री घटली, कारण भाड्यावर भागतं. वितरकाची त्याबद्दल कुरकुर आहे. डोळ्यांचा चष्मा आणि पायाचे गार्ड भाड्याबरोबर दिले तरी लोक घालत नाहीत. पात्याखालून खडा उडून इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हे भाड्याच्या कागदात अजून नीट लिहिलेलं नाही. ते वकिलाकडून करून घ्यायचं काम बाकी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पाटी लावतानाच ‘पसंत’ आणि ‘सदोष’ हे वेगळे लिहायला हवे होते. डेमो मशीन तेव्हाच ठेवलं असतं तर नापसंतीच्या हमीची गरजच कमी झाली असती. मुलाने भाड्याचं सुचवलं तेव्हा एका हंगामापुरतं दोन मशिनांवर करून पाहता आलं असतं. आणि पाटी उतरवताना मेकॅनिकच्या हाती एकट्याने निकाल देण्याचा अधिकार जायला नको होता; गुरुजींचा अपमान टळला असता. ज्या दुकानाचे पैसे वाचतात त्याच दुकानाचा माणूस शेवटचा निर्णय देतो, हे गिऱ्हाइकाला मान्य होण्यासारखं नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड निर्णय होता तो ‘नवीन’ म्हणून विकलेल्या वापरलेल्या मशिनांचा. कोणी तक्रार केली नव्हती. अण्णा म्हणाले, जुनं उकरून काय मिळणार. माझं म्हणणं होतं की ज्यांनी पूर्ण पैसे दिले त्यांना हे कळण्याचा हक्क आहे, आणि ते दुसऱ्याकडून कळलं तर दुकानावरचा विश्वास परत मिळणार नाही. दोन आठवडे त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मग वही काढली. साठ्याच्या नोंदी आणि बिलं जुळवून काही गिऱ्हाइकांची नावं निघाली. त्यांना फोन करून सांगितलं आणि नव्या-जुन्याच्या किमतीतला फरक परत देऊ केला. एकाने मशीनच परत केलं, पूर्ण पैसे घेतले. दोघांनी फरक घेतला. एकाने फरक नाकारला आणि मोफत सर्व्हिसिंग मागितलं. फोन ठेवताना एक जण अण्णांना बरंच बोलला, ते त्यांनी ऐकून घेतलं.

बाकीच्यांचा शोध लागला नाही, कारण तेव्हा बिलावर इंजिनचा नंबर लिहीतच नव्हते. त्या काळात घेतलेलं कोणतंही मशीन सर्व्हिसिंगला आलं की आता त्याचा नंबर वितरकाच्या पाठवणीच्या यादीशी ताडून पाहतात, आणि परत आलेल्यांपैकी निघालं तर त्याच काउंटरवर फरक देतात.